चारच्या चहाबरोबर

आईच्या तेराव्याची पंगत उठेपर्यंत माझ्या भावजयीच्या, कोमलच्या, रक्ताचा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ झाला होता. सात पूर्णांक एक.

सकाळी उपकेंद्रातली खुशनुमा सिस्टर भेटायला आली होती. आईच्या फोटोपुढे थोडा वेळ उभी राहिली, आबांशी दोन शब्द बोलली. कोमलने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, तेव्हा तिने तांब्या न घेता हातच धरला. नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आणि ओसरीवरच पिशवीतून यंत्र काढून कोमलच्या बोटाला सुई टोचली. आकडा आल्यावर तिने तो एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचला.

"सातवा महिना आन रक्त बी सात? कोमल, गोळ्या घेऊन राहिली ना तू?"

"घेते."

"रोज?"

"रोज," कोमल म्हणाली.

सिस्टरला गावात अजून दोन घरं करायची होती. चार वाजता परत येते, म्हणाली. उद्या हिंगोलीला न्यावं लागेल, सलाईनमधून लोह द्यावं लागेल. तरी रक्त चढलं नाही तर बाळंतपण नांदेडला, रक्ताची बाटली आधी तयार ठेवून. एवढं सांगून ती गेली. बाकीचा हिशेब सगळ्यांनी मनातच केला. दोन वर्षांपूर्वीही सातवाच महिना होता. ते बाळ जन्मलं तेव्हा रडलं नव्हतं.

रुपाआत्या, आबांची थोरली बहीण, नवव्या दिवसापासून हिंगोलीहून येऊन राहिली होती. बायकांची भांडी घासून होईस्तोवर ती थांबली, मग स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहिली.

त्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेच्या चौकोनात हळदीचं एक बोट होतं. ते आईचं. आईला लिहिता येत नव्हतं. कोमलने गोळ्या घेतल्या की आई तिची हनुवटी धरून म्हणायची, "जीभ दाव." जीभ पाहिली की डब्यातल्या हळदीत बोट बुडवून त्या दिवसावर टेकवायची. कोमलला चौथा लागल्यापासून तिचा हा नेम होता. डिसेंबरात गोळ्या सुरू झाल्या तेव्हा जुन्या कॅलेंडरवर आणि जानेवारीपासून या नव्यावर. जानेवारी भरला होता, फेब्रुवारी भरला होता, मार्चचे पहिले सात दिवस भरले होते. आठ तारखेला सकाळी हळदीच्या शेवटच्या कढईपाशी आई छातीला हात लावून खाली बसली, ती उठली नाही. त्यानंतरचे चौकोन कोरे होते.

"हे बघ प्रिये," आत्या मला म्हणाली. "सासू गेली आन गोळ्या बी गेल्या."

कोमल चुलीपुढे बसली होती. सुतकात हळद कशी लावणार, असं काहीतरी ती हळू आवाजात म्हणाली. आत्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आत्याचं म्हणणं असं की तेरा दिवसांत रक्त इतकं उतरत नाही. म्हणजे आधीपासूनच पोरगी गोळी तोंडात धरून, जीभ दाखवून, मागच्या दाराला जाऊन थुंकत असणार. गोळ्यांनी लेकरू काळं होतं असं तिच्या माहेरच्या बाया म्हणतात, हे आत्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. माझ्या भावाची, विजूची, माय भोळी. तिला कोणीही फसवावं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घरात माझ्या शब्दाला वजन आहे, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. आत्याच्या बोलण्यातलं अर्धं मला पटलं नव्हतं. पण तीन महिने रोज न चुकता आईने ते केलं आणि त्यातून काहीच निघालं नाही, हे मला सहन होत नव्हतं. आईचं काम बरोबर असेल तर चूक कोमलचीच असायला हवी होती. मी कोमलपाशी गेले आणि आत्या ऐकेल, दारातला विजू ऐकेल, ओसरीवरचे आबा ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "जीभ दाखवली म्हणजे गोळी पोटात गेली असं होत नाही, कोमल. आईला फसवणं सोपं होतं. यंत्राला कसं फसवशील?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, कारण दूध वर येत होतं.

विजूने ते ऐकलं आणि तो अंगणात निघून गेला. अंगणभर ताडपत्र्यांवर शिजवलेली हळद वाळत पडली होती. सुतक असो की नसो, शिजलेली हळद थांबत नाही. तो उकिडवा बसून हळकुंडं उलटी करू लागला. आत्या त्याच्यामागे गेली. कोमलला उद्या दवाखान्यातून परस्पर तिच्या माहेरी सेनगावकडे सोडून यावं, असं ती सांगत होती. तिच्या लोकांनी बघावं आता. इथं सासू नाही, बघायला कोण आहे? पुन्हा काही वाईट झालं तर बोल या घराला लागायला नको.

विजूने होकार दिला. त्या होकाराचा मला तेव्हा राग आला नाही आणि आश्चर्यही वाटलं नाही. मागच्या वेळी फडक्यात गुंडाळलेलं ते बाळ त्याने एकट्याने शेताच्या कोपऱ्यापर्यंत नेलं होतं. पुढे कधीतरी तो मला म्हणाला की त्याला कोमलला घालवायचं नव्हतं. त्याला फक्त ते पुन्हा या अंगणातून न्यायचं नव्हतं. पण कोमलपाशी जाऊन तो एवढंच बोलला, "पिशवी भरून ठिव."

कोमलने का, असं विचारलं नाही. हे तिने मला नंतर सांगितलं: नवरा पाठ फिरवून गेल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो पिशवीत साड्या किती घ्यायच्या याचा. बाळंतपणानंतर परत बोलावतील की नाही हे कळत नव्हतं, म्हणून साड्या किती लागतील हेही कळत नव्हतं. शेवटी तिने चार घेतल्या.

तीनच्या सुमाराला मी पाणी प्यायला आत गेले तर दारामागे नुसता खिळा होता. कॅलेंडर नव्हतं.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. तो रिकामा खिळा पाहून मला बरं वाटलं. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. हातातला पेला धरून मी तिथे उभी राहिले, आणि जानेवारीच्या पानाच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर काय लिहिलेलं आहे ते मला शब्दाशब्दाने आठवलं. तोवर ते मनात कुठे होतं कोण जाणे. आठवलं, आणि मी पेला पालथा घालून बाहेर आले.

चारला पाचेक मिनिटं असताना सिस्टर आली. ओसरीवर सतरंजीवर आबा, आत्या आणि मी होतो, विजू पायरीवर. सिस्टर उद्याच्या चिठ्ठीवर नाव लिहीत होती. कोमल चहा घेऊन आली. सगळ्यांना कप दिले आणि शेवटचा कप स्वतःसाठी खाली ठेवून ती आमच्या मधोमध बसली. मोठ्यांच्या बैठकीत ती अशी कधी बसत नाही. पदराच्या गाठीतून तिने दोन गोळ्या काढल्या, एक लाल, एक पांढरी, आणि तळहातावर ठेवून आत्याला दाखवल्या.

"बघा आत्याबाई. सगळ्यांनी बघा."

दोन्ही गोळ्या तिने जिभेवर ठेवल्या आणि वर चहाचे तीन-चार मोठे घोट घेतले. मग आत्याकडे तोंड करून तोंड उघडलं. जीभ वर केली, बाजूला केली. नंतर ती माझ्याकडे वळली आणि तसंच केलं. मला तिच्या दाढा दिसल्या.

"रोज अशीच घेते," ती म्हणाली. "सुतकात बी घेतल्या. पाकिटं मोजा पाहिजे तर, आईनं रिकामी सगळी दोऱ्यात ओवून ठिवली हायत."

सिस्टरचं लिहिणं थांबलं होतं. "रोज अशीच म्हंजी? चहासोबत?"

"व्हय."

"दोन्ही एकदमच?"

"व्हय."

सिस्टरने पेनाला टोपण लावलं. चिडून बोलायचं नाही असं ठरवून बोलतात तशी ती बोलली. चहाने लोह अंगाला लागत नाही. त्यात पांढरी, कॅल्शियमची, सोबत घेतली की ती आणखी अडवते. एवढंच कारण असेल असं नाही, पण तीन महिने गोळ्या पोटात जात होत्या आणि रक्तात जेवढं उतरायला हवं तेवढं उतरत नव्हतं. लाल गोळी जेवल्यावर तासाभराने, लिंबूपाण्यासोबत. पांढरी दुसऱ्या वेळेला, जेवणासोबत.

"मी तुला डिसेंबरातच सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं व्हतं," कोमल म्हणाली.

"मग?"

कोमलने रिकामा कप उचलून पदराने त्याचं बूड पुसलं. "घरात असं ठरलं व्हतं," ती म्हणाली.

ती माझ्याकडे पाहील असं मला वाटलं. तिने पाहिलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी मला सुट्टी होती. मी नवं कॅलेंडर घेऊन आले होते, गर्भारपणावरचं एक पुस्तक अर्धं वाचून आले होते, आणि त्यातलं 'रोज ठरावीक वेळी' एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. कोमल तेव्हा म्हणाली होती, ताई, सिस्टर तर रात्री जेवल्यावर सांगतात, लिंबूपाण्यासोबत. मी हसले होते. रात्री दमून झोपायला होतं, विसरायला होतं, मी म्हणाले. चारचा चहा मात्र आईने आयुष्यात चुकवलेला नाही. मग पेन घेऊन जानेवारीच्या पानाखाली लिहिलं: रोज चार वाजता, चहाबरोबर, दोन्ही गोळ्या. आईने त्या ओळीवरून हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षर माझं आहे हे तिला पुरेसं होतं. फोनवर मी विचारायचे, गोळ्या चालू आहेत ना? आणि ती म्हणायची, तू लिवलं तसंच करून राहिलो आमी.

ओसरीवर आत्याने पहिल्यांदा सुस्कारा सोडला. "विजूच्या मायनंच ठरवलं आसन. तिला काय, वाचता येत नव्हतं, का काय नव्हतं. आता गेलेल्या माणसाला काय बोलावं."

आत्या हे दुष्टपणाने बोलली नाही, आणि त्यामुळेच ते घरात मुरायला वेळ लागला नाही. विजूने मान हलवली. सिस्टर म्हणाली, काकूंनी तर जीव लावला होता, त्यांना बिचाऱ्यांना कसं कळावं. कोणी कोणावर रागावलं नव्हतं. एक चूक होती, ती मेलेल्या माणसाची होती, आणि आता कोणाला कोणाशी भांडायचं कारण उरलं नव्हतं. कोमलचं निरपराधपण सिद्ध झालं होतं. मीही गप्प बसले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं.

मी गप्प बसले. किती वेळ, ते मला नक्की सांगता येणार नाही. सिस्टरने चिठ्ठी लिहून पुरी केली, विजूला दवाखान्याची खिडकी कुठली ते सांगितलं, पिशवीची चेन लावली. ती पायरीवर बसून चपलेचा पट्टा ओढत होती, एवढा वेळ.

आबा, माझे वडील संतराम, आईच्या मरणानंतर तेरा दिवस कोणापुढे रडले नव्हते. आताही रडत नव्हते. समोर अंगणातल्या हळदीकडे पाहत ते म्हणाले, "रोज हनवटी धरून चारायची तिला. म्या इथं बसून बघायचो. मनात म्हणायचो, एवढं तर तिनं माझ्या लेकरांचं बी नव्हतं केलं." मग कोणालाच उद्देशून नाही असं, "म्हंजी तिच्याच हातानं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते पुरं होऊ द्यायचं नसेल तर मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

"आईनं नाही, आबा. मी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त कोमल कप गोळा करत राहिली.

"वेळ मी ठरवली. मी लिहून दिलं. कोमलने तेव्हाच सांगितलं होतं की सिस्टर असं सांगत नाहीत. मी तिचं ऐकलं नाही. आई माझं अक्षर बघून करत होती." मग जे बोलायची सगळ्यात जास्त लाज वाटत होती ते उरलं. "आणि मला हे दुपारीच आठवलं होतं. मी बोलले नाही."

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता तू काय वाईटाच्या इचारानं लिवलं का? माणसाकडून व्हतं. आईच्या दुःखात कुठं ध्यान राहतंय." विजू म्हणाला, जाऊ दे ताई, तुला तरी काय माहीत. आबांनी फक्त मान हलवली आणि पंच्याने डोळे पुसले. ते अश्रू मात्र आईसाठी होते, मन हलकं झाल्यासारखे. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं आणि चपलेचा दुसरा पट्टा लावला. पुरतं एक मिनिट गेलं नसेल, मला माफ करून झालं होतं. दुपारी कोरे चौकोन पाहून याच माणसांनी, माझ्यासकट, एका गर्भार बाईची पिशवी भरवली होती.

कोमल ट्रे घेऊन उठली. दोन हात ट्रेला, त्यामुळे पोट पुढे, आणि तोल सावरत ती थांबली.

"मंग पिशवी सोडू का मी?" तिने विचारलं.

विचारलं सगळ्यांना. विजूने जमिनीकडे पाहिलं. आत्याला अचानक डोक्यावरचा पदर नीट करावासा वाटला. शेवटी आबा म्हणाले, "सोड माय. घर तुझं हाय."

मी तिच्या मागोमाग आत गेले. मधल्या खोलीत खाटेवर ती कापडी पिशवी होती. मी हात पुढे केला तर ती म्हणाली, "राहू द्या ताई. कुठलं कुठं ठिवायचं ते मला म्हाईत हाय." मी मागे झाले. तिने एकेक वस्तू काढली. चार साड्या, एक शाल, तपासणीचं कार्ड, दोऱ्यात ओवलेली रिकामी पाकिटं. सगळ्यात खाली, कडा दुमडू नयेत म्हणून परकरात गुंडाळलेलं, कॅलेंडर.

"हे कशाला घेतलं होतंस?" मी विचारलं. मला आशा होती की ती म्हणेल, तुमच्यासाठी. तुमचं अक्षर कोणाला दिसू नये म्हणून.

"माहेरी दावायला," ती म्हणाली. "तिकडं बी इचारलं असतं, गोळ्या काहून खाल्ल्या न्हाईस. आईची बोटं दावली असती."

ती दारामागे गेली आणि कॅलेंडर खिळ्याला अडकवलं. मार्च, फेब्रुवारी उलटून तिने जानेवारीचं पान वर आणलं. एकतीस चौकोनांत एकतीस बोटं होती, काही गडद, काही पुसट, आणि सगळ्यात खाली माझी निळ्या शाईची ओळ, सरळ, स्वच्छ, कॉलेजातल्या नोंदीसारखी. मी पेन शोधून आणलं आणि ती ओळ खोडायला हात वर केला.

"खोडू नका," कोमल म्हणाली.

मी पेन खाली घेतलं.

"खाली सिस्टरनं सांगितलेलं लिवा. आन वरच्या ओळीपुढं तुमचं नाव लिवा. हे कुनी ठरवलं व्हतं असं पुढं कुनी इचारलं, तर आईचं नाव याला नको."

भिंतीला टेकवलेल्या कागदावर पेन नीट चालत नव्हतं. शाई मधेच तुटायची. कोमलने एका हाताने कॅलेंडरची खालची कड घट्ट धरून ठेवली, आणि मी नाव पुरं लिहून होईपर्यंत ती धरून राहिली.